सोपे लिहिण्याचे कष्ट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका जुन्या मंडळाच्या खोलीत मराठी पुस्तकांची चार कपाटे आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि खालच्या फळीवरची पुस्तके फुगू लागली. ती बाहेर काढावीत, वाळवावीत, पुसावीत आणि त्यांची नवी यादी करावी, असे ठरले. त्यासाठी दर रविवारी सकाळी दोन तास देणारी सहा माणसे हवी होती. तेव्हा मंडळींना उद्देशून एक निवेदन काढावे असे निघाले, आणि माझी भाषा चांगली असा जो एक लौकिक झालेला आहे, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

मीही ते मनावर घेतले. "सांस्कृतिक संचिताचे संवर्धन हे प्रत्येक सुजाण रसिकाचे आद्य कर्तव्य होय" अशी सुरुवात केली. आपल्या पूर्वजांनी गुर्जरभूमीत लावलेल्या ज्ञानवृक्षाचा उल्लेख केला. 'ओल' हा शब्द मला फारच घरगुती वाटला. म्हणून त्या जागी "कालौघाचा आर्द्र स्पर्श" असे लिहिले. पानभर मजकूर झाला. तो छापून घरोघर वाटला. भेटेल तो म्हणे, "वा! काय लिहिलंत!" मी सुखावलो. पुढे तीन रविवार मी मंडळाच्या खोलीत किल्ली घेऊन बसलो. कोणीही आले नाही.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माझी आत्या असते. वय सत्त्याऐंशी. नजर अधू झाली आहे, पण कान आणि बुद्धी दोन्ही शाबूत. माझ्या पुतण्याची मुलगी तिला रोज संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवते. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी गुजरातीत बोलते आणि घरात मराठी. एके दिवशी मी गेलो तेव्हा ती माझेच निवेदन वाचीत होती. 'संवर्धन' कसेबसे पार पडले. 'आर्द्र'पाशी तिची गाडी अडली. तिने तो शब्द तीन प्रकारे म्हणून पाहिला आणि शेवटी सोडून दिला. आत्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान लिहिलं आहेस हो. अगदी कीर्तनात बसल्यासारखं वाटलं. पण तुला हवंय काय?"

मी म्हटले, "अगं, कपाटांना ओल आली आहे. पुस्तकं वाळवायला माणसं हवीत."

"मग तसं लिहायचं ना!" आत्या म्हणाली.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आत्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली. परंतु शेकडो ओव्या आणि अभंग तिला पाठ आहेत. तेव्हा तिला मराठी कळत नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. मला सांगता आले नव्हते, हेच खरे होते. आणि विचार करता करता आठवण झाली, की याच शहरात, याच तक्रारीची एक गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेली आहे. बडोद्याच्या जुन्या घरांतून ती अनेकांनी ऐकली असेल. तरी ती पुन्हा सांगण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावचे भावे कुटुंब बडोद्यास राहावयास आले. वडील नरहरराव रंगकामाच्या शास्त्राचे जाणकार, हिशेबी आणि शिस्तीचे. आई रुक्मिणीबाई, माहेर कर्नाटकातले, त्यामुळे मराठी अभंगांबरोबर कन्नड भजनेही त्यांच्या ओठी असत. शिक्षण बेताचे, श्रद्धा मात्र भरपूर. थोरला मुलगा विनायक म्हणजे आपले विनोबा. त्यांचा जन्म १८९५ चा. या माऊलीचे आणि मुलाचे नाते कसे होते, हे विनोबांनी पुढे आपल्या आठवणींतून वारंवार सांगितले आहे.

१९१५ च्या सुमारास बडोद्यात एका ठिकाणी गीतेवर प्रवचने चालली होती. रुक्मिणीबाई ऐकावयास जात. एक दिवस त्यांनी मुलाला सांगितले, की हे संस्कृत मला कळत नाही, मला मराठी गीता आणून दे. मुलाने एक गद्य भाषांतर आणून दिले. आई म्हणाली, पद्यात असते तर बरे झाले असते. तिचेही बरोबरच होते. जे पाठ करायचे, काम करता करता म्हणायचे, ते गद्यात कसे राहणार? मग विनोबांनी वामनपंडितांची समश्लोकी आणली. काही दिवसांनी आईने तीही कठीण जात असल्याचे सांगितले. याहून सोपे भाषांतर मराठीत नाही, असे मुलाने म्हणताच आईने विचारले, की मग तू स्वतःच का करीत नाहीस?

या ठिकाणी थोडे थांबावे. वामनपंडित हे सतराव्या शतकातले थोर पंडित. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु संस्कृत श्लोकाच्या मापात मराठी बसवताना पुष्कळदा संस्कृत समास जसेच्या तसे राहून जातात, आणि मग मराठी प्रत्यय लावलेले संस्कृत वाचल्यासारखे होते. मग ज्ञानेश्वरी नव्हती काय? होती. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता सामान्य माणसाच्या मराठीत आणली, तीही याच कारणासाठी. परंतु सहाशे वर्षांत बोलणे बदलले आणि त्या काळचे सोपे शब्द आता टीपा पाहून समजून घ्यावे लागतात. सोपेपणाही जुना होतो. एका पिढीने केलेले काम पुढच्या पिढीला आपल्यापुरते पुन्हा करावे लागते. बाईंना आपल्या काळाची, आपल्या स्वयंपाकघरात म्हणता येईल अशी गीता हवी होती. त्यांची मागणी अवास्तव नव्हती.

आईने सांगितले आणि मुलाने लगेच लेखणी उचलली, असे मात्र झाले नाही. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघाले, वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते अहमदाबादेस गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढे वर्षभराची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. १९२१ च्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याचा आश्रम चालवावयास गेले. तेथे दळण, सफाई, सूतकताई, अध्यापन हा नित्यक्रम. आईच्या मागणीला पंधरा वर्षे उलटली, तेव्हा १९३० च्या ७ ऑक्टोबरला विनोबांनी पहिला श्लोक लिहावयास घेतला आणि १९३१ च्या ६ फेब्रुवारीला शेवटचा पुरा केला. सातशे श्लोक, चार महिने. नाव ठेवले 'गीताई'. गीता आणि आई या दोघी त्या नावात एकत्र आहेत.

चार महिन्यांत सातशे श्लोक हे ऐकून आपल्याला वाटते, विनोबांना हे किती सहज साधले! पंधरा वर्षांकडे आपले लक्ष जात नाही. त्या अवधीत त्यांनी शास्त्रे पाहिली, शिवाय आश्रमातल्या जात्यावर, चरख्यावर बसून ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या बोलण्याची सवय कानाला लावून घेतली. अवघड लिहिणारा आपले काम अर्धे सोडून देतो. उरलेले अर्धे वाचणाऱ्याने पुरे करावे, अशी त्याची अपेक्षा असते. सोपे लिहिणारा ते सगळे स्वतः करतो. म्हणून वाचणाऱ्याला श्रम दिसत नाहीत. जात्यातून पीठ बारीक आले, तर ते कोणी तरी जास्त वेळ दळलेले असते.

यातले एक मर्म मला उशिरा उमगले. गीताई सोपी म्हणजे तिच्यात संस्कृत शब्द नाहीत असे नाही. कर्म, योग, भक्ती, ज्ञान हे शब्द तिच्यात आहेतच. ते काढून त्यांच्या जागी ओढूनताणून घडवलेले देशी शब्द विनोबांनी घातले नाहीत. कारण हे शब्द आईला कीर्तनातून, अभंगातून आधीच ठाऊक होते. तिच्या तोंडी ते मराठीच होते. शब्द कोठून आला यापेक्षा तो ऐकणाऱ्याच्या घरात राहतो की नाही, हे पाहावयाचे. माझ्या निवेदनातले 'संवर्धन' त्या अर्थाने आत्याच्या घरात राहत नव्हते. 'ओल' मात्र दर पावसाळ्यात राहावयास येते!

गीताई तयार झाली तेव्हा आई नव्हती. जिच्यासाठी लिहिले, तिने त्यातला एक श्लोकही ऐकला नाही. ही गोष्ट मनाला चटका लावते. पण तिची तक्रार वाया गेली नाही. गीताईच्या लाखो प्रती महाराष्ट्रात आणि बाहेरही गेल्या. वर्ध्याजवळ गोपुरीस गीताई मंदिरात हे श्लोक शिळांवर कोरलेले आहेत. ते मंदिर १९८० साली झाले. शिळा टिकतील यात शंका नाही. पण दळता-कांडताना, निवडता-टिपताना ज्यांनी ते श्लोक म्हटले, त्या बायकांच्या तोंडी रुक्मिणीबाईंचे खरे स्मारक उभे राहिले, असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले; अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर सत्याग्रही कैदी. त्यांत जमनालाल बजाजांसारखे व्यापारी होते, साने गुरुजींसारखे शिक्षक होते. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' हे पुस्तक मिळते आणि भारतातल्या अनेक भाषांत ते वाचले जाते. बोलता बोलता कोणाला शब्दशः टिपून घेता यावे, इतके ते बोलणे सरळ असले पाहिजे. जे अनेक भाषांत गेले, ते मूळ भाषेत स्वच्छ होते. गोंधळलेल्या वाक्याचे भाषांतर करावयास बसा, म्हणजे हे ताबडतोब लक्षात येते.

तथापि सोपे म्हणजे झटपट, असा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. त्यावर उतारा म्हणून याच घरातली दुसरी एक हकिकत सांगतो. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लक्ष तांदळाचे दाणे वाहण्याचा नेम केला होता. रोज थोडे थोडे दाणे त्या एकेक मोजून वाहत. नरहररावांनी हे पाहिले आणि व्यवहारी तोडगा सुचवला. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, त्यावरून लक्ष दाण्यांना किती तोळे लागतात याचा हिशेब करावा. चूक नको म्हणून वर अर्धा तोळा जास्त घालावे, की झाले काम. बाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले, की हे नुसते गणित नाही. एकेक दाणा वाहताना मन देवाकडे जाते, म्हणून एकेक दाणा मोजण्यालाच अर्थ आहे. आईचे समाधान झाले.

नरहररावांचा हिशेब चुकीचा नव्हता. गिरणीत, कचेरीत, दुकानात तोच बरोबर. वजनाने काम भागत असेल तेथे दाणे मोजीत बसणे हा वेळेचा अपव्ययच. पण काही कामांत मधला रस्ता घेतला, की काम उरकते आणि त्याचा हेतूच हरवतो. शब्द निवडणे हे त्या जातीचे काम आहे. तोळ्यावर वाक्ये घेऊन चालत नाही. माझ्या निवेदनातली 'सांस्कृतिक संचित', 'आद्य कर्तव्य', 'सुजाण रसिक' ही सगळी वजनावर घेतलेली होती. त्यातला एकही दाणा मी हातात धरून पाहिला नव्हता. जड भाषा ही पुष्कळदा आळसाची भाषा असते, हे मला आत्याच्या एका प्रश्नाने शिकवले.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो न्याय्य आहे. शास्त्र, कायदा, कारभार यांत पारिभाषिक शब्द लागतातच; तेथे घरगुती बोलून कसे चालेल? याचे उत्तरही आपल्या बडोद्यातच आहे. ज्या १९३१ साली गीताई पुरी झाली, त्याच साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश येथे प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द त्यात दिलेले आहेत. राज्य लोकांच्या भाषेत चालायचे तर नेमके शब्द हवेत, यासाठी सयाजीराव महाराजांनी तो करविला. नव्या वस्तूला नवे नाव द्यावेच लागते. तो कोश आणि गीताई यांत मला विरोध दिसत नाही. दोन्हींच्या मागे, लोकांना कळले पाहिजे, हीच तळमळ आहे. विरोध आहे तो माझ्यासारख्यांशी, ज्यांना भिंतीच्या ओलीलाही पारिभाषिक शब्द लागतो.

महाराजांची ही तळमळ नुसती शब्दांपुरती नव्हती. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून येथे ग्रंथालयांची व्यवस्था लावली. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. पेटीत पुस्तके मोजकीच. पण ज्या गावाला शहरातल्या ग्रंथालयाची पायरी चढता येत नव्हती, त्या गावाकडे ग्रंथालय स्वतःच चालत जाई. सोपे लिहिणे म्हणजे याहून वेगळे काय आहे? वाचक आपल्यापर्यंत येण्याची वाट न पाहता आपण त्याच्या दारापर्यंत जायचे, एवढेच.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना तर हे जास्तच लागू आहे. आपल्या घरांतली मुले गुजराती आणि इंग्रजी सहज वाचतात. मराठी ती ऐकतात, बोलतात. वाचताना मात्र अडखळतात. त्यांच्यापुढे आपण 'आर्द्र स्पर्श' ठेवतो आणि मग मुलांना मराठीची गोडी नाही म्हणून हळहळतो. 'आर्द्र'पाशी थांबलेली ती मुलगी मी पाहिली आहे. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, संकोच होता. आपल्याच घरातल्या भाषेत आपण परके आहोत, असे तिला क्षणभर वाटले असावे. तो क्षण माझ्यामुळे आला. कोश आणि काव्य यांची थोरवी तिला यथाकाल कळेलच. पण दारातच अडखळली तर ती आत कशाला येईल? रुक्मिणीबाईंच्या वेळी आईला कळेल असे लिहिणारा मुलगा हवा होता. आता मुलांना कळेल असे लिहिणाऱ्या आजोबांची पाळी आहे.

असो. दुसऱ्या दिवशी मी नवे निवेदन लिहावयास बसलो. पानभर मजकुराला मला एक तास लागला होता. या सहा ओळींना दोन संध्याकाळी लागल्या. ज्ञानवृक्ष काढताना वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण तो काढल्यावर खाली काहीच नव्हते, हेही दिसले. दुसरी गंमत अशी, की साधे लिहावयास घेतल्यावर मला स्वतःलाच पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत असे आढळले. पुस्तके किती भिजली? कोणत्या कपाटातली? किती रविवार लागतील? 'संचित' म्हणताना हे काही मोजावे लागले नव्हते. मी खोलीत गेलो आणि खालच्या फळीवरची पुस्तके मोजली. मगच सहा ओळी पुऱ्या झाल्या. ओल कोठे आली, पुस्तके किती, माणसे किती हवीत, केव्हा यायचे, सोबत जुने फडके आणावे, आणि खाली नाव.

संध्याकाळी तो कागद घेऊन दांडिया बाजारात गेलो. मुलीने तो न थांबता वाचला आणि "आजोबा, मी पण येऊ?" असे विचारले. आत्या काही बोलेना. या वेळी 'छान लिहिलंस' नाही, कीर्तनाची उपमा नाही. मी जरा हिरमुसलोच. तेवढ्यात ती म्हणाली, "उन्हात नका रे वाळवू, पानं पिवळी पडतात. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. आणि भिंतीला लागून कपाट ठेवलंच कुणी मुळात?"

पहिल्या निवेदनाला मला स्तुती मिळाली होती. दुसऱ्याला सल्ला आणि खरमरीत प्रश्न मिळाला. त्या रविवारी चार माणसे आली, पाचवी ती मुलगी. सहावे माणूस अजून यावयाचे आहे. कपाटे आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहेत.